गाडीचा रकाना

मानवजातीच्या सगळ्या शोधांत चाकाचं जे कौतुक होतं, ते मला कधीच पटलं नाही. चाकात काय एवढं, उतारावर सोडलेला दगडही गडगडतो. खरा शोध लावला तो, चाक किती वाजता सुटेल आणि किती वाजता परत येईल हे आदल्या दिवशी लिहून ठेवणाऱ्याने. वेळापत्रक हा संस्कृतीचा पाया आहे. त्याच्या आधी नुसती जनावरं होती आणि ती एकमेकांची वाट बघत बसत. हे माझं मत गेली एकवीस वर्षं ठाम होतं. मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी, कौटुंबिक न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, समुपदेशक बाईंनी माझा तक्ता उचलला, त्यावर सांडलेला बिस्किटाचा चुरा फुंकला, कागद आडवा धरला, उभा धरला आणि म्हणाल्या, "सगळं अगदी नीटनेटकं आहे हो. आईची ओळ आहे, वडिलांची ओळ आहे, राखीव म्हणून आजीसुद्धा आहे. मुलीची ओळ कुठे आहे?"

मी म्हणालो, "तिला ओळ नाही. रकाना आहे. शेवटचा."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि शेवटच्या रकान्याचं छापील शीर्षक वाचलं. "इथे 'गाडी क्रमांक' लिहिलंय."

शेजारच्या खुर्चीवरून माझी बायको, म्हणजे आठ महिन्यांपूर्वीपर्यंतची बायको, नाकातून हसली. तीन वर्षांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकलं ते असं. "हसू नका तुम्ही बाई," ती समुपदेशक बाईंना म्हणाली, खरं तर त्या हसतच नव्हत्या. "पोरीला निदान स्वतंत्र रकाना तरी मिळाला. मी दहा वर्षं राखीव होते."

मी बस आगारात ड्यूट्या लावतो. दोनशे चौदा चालक, तेवढेच वाहक, एकशे सहा गाड्या. कोणी कुठल्या गाडीवर कधी चढायचं आणि कधी उतरायचं हे माझ्या टेबलावर ठरतं, आणि सबंध शहर त्यावर चालतं, अशी माझी समजूत आहे. शहराला विचारलेलं नाही. कोऱ्या कागदावर मला काही सुचत नाही. म्हणून घटस्फोटानंतर मुलीचा ताबा कसा वाटून घ्यायचा याचा मसुदा दोघांनी मिळून आणा असं बाईंनी सांगितलं, तेव्हा मी आगारातला चौदा दिवसांचा छापील तक्ता घेतला. मिळून अर्थातच काही झालं नाही. मी केला आणि तिने 'बघू' म्हटलं. पण काम मी मन लावून केलं. तीन आठवडे. त्या तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात नियम छापलेले आहेत आणि ते मी एकही न मोडता पाळले. दोन्ही चालकांना समान पाळ्या. दोन पाळ्यांत किमान आठ तास विश्रांती. प्रत्येकाला साप्ताहिक सुट्टी. सणकीपणाने कोणाला जादा ड्यूटी नाही. आणि शेवटचा नियम, गाडी विनाकारण उभी राहू नये. गाडीच्या रकान्यात मी नंबराऐवजी 'खारू' लिहिलं. आठ वर्षांची आहे. जागच्या जागी स्थिर बसत नाही म्हणून लहानपणी ठेवलेलं नाव. ते लिहिताना मला स्वतःचं जरा कौतुकच वाटलं होतं. वाटलं, ही प्रेमाची जागा आहे.

आज हा मसुदा दोघांना मान्य झाला तर तो टाईप होऊन खारू अठरा वर्षांची होईपर्यंत लागू राहणार होता. मान्य झाला नाही तर फाईल न्यायाधीशांपुढे जाणार होती, आणि माझ्या वकिलाने, जो कधी हातचं राखून वाईट बातमी देत नाही, मला आधीच सांगितलं होतं, "साहेब, तिथे गेलात तर महिन्यातून दोन रविवार मिळतील, चार ते सात, तेही बागेत." माझ्या तक्त्याप्रमाणे मला चौदांपैकी सात रात्री होत्या. एक रात्र तिच्या आईकडे, एक माझ्याकडे, एक तिच्या आईकडे, एक माझ्याकडे. तात्पुरत्या व्यवस्थेत आठ महिने आम्ही हेच करत होतो. दोन सलग रात्री एकाकडे द्यायला दोघांचीही तयारी नव्हती. दुसरी रात्र मिळाली की मूल तिकडचं होतं, अशी आमची दोघांची भीती होती, आणि लग्नाच्या अकरा वर्षांत आमचं एकमत झालेली ती बहुधा एकमेव गोष्ट. शिवाय मला बुधवार होता. बुधवारी माझी साप्ताहिक सुट्टी. रात्र कोणाचीही असो, बुधवारची दुपार माझी. रात्रींवर मी घासाघीस केली असती. बुधवारवर नाही.

"अर्धा तास बाहेर बसा," समुपदेशक बाई म्हणाल्या. "हाच तक्ता हिच्या बाजूने लिहून आणा. म्हणजे ही मुलगी कुठे उठली, कुठे जेवली, कुठे झोपली, एवढंच. तुम्हीच लिहा. तुमचा हात बसलाय." मग बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "घ्या एखादं." मी घेतलं. अपमान झालेल्या माणसाने बिस्किट नाकारायला हवं होतं, हे मला ते दातांखाली मोडल्यावर सुचलं. मऊ पडलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला लागून लोखंडी बाकं होती, आणि प्रत्येक बाकावर दोन माणसं दोन टोकांना बसलेली. मधली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागांवर पिशव्या, फायली, पाण्याच्या बाटल्या. मी एक मोकळं बाक पाहून टोकालाच बसलो. सवय. आमचं लग्न मोडलं तेव्हा ते कोणाच्याच लक्षात आलं नाही, आमच्याही नाही, कारण घरात एका वेळी एकच माणूस असे. ती तपासणी प्रयोगशाळेत रक्त काढायची, सकाळी साडेसहापासून. उपाशीपोटी येणारी माणसं आधी. हात असा हलका की सुई कधी गेली ते कळत नाही, असं लोक सांगायचे. मला घरी ते बोलण्यातून अनुभवायला मिळायचं. माझी पाळी दुपारची. दारात आम्ही भेटायचो ते किल्ली देण्या-घेण्यापुरते. फ्रीजवर चिठ्ठ्या. 'दूध तापवलंय.' 'ताप शंभर, औषध सहाला.' 'आईचा फोन, तुझ्या.' मी म्हणायचो, बघ, किती छान चाललंय, मूल एक मिनिटही एकटं नाही आणि पाळणाघर नाही. ती म्हणायची, "हो ना. अनाथालयही असंच चालत असेल." एका रविवारी हिशेब केला तर आठवड्यातून दोन तास वीस मिनिटं आम्ही एका छपराखाली जागे असायचो, आणि तेवढ्या वेळात भांडण बसवायला आम्हाला घाई करावी लागायची. ताट वाढता वाढता भांडायचो. मग घाईत भांडण अर्धं राहायचं आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरू. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला काचेची एक खोली होती, मुलांसाठी. भिंतीवर हत्ती. आत खारू एका लहान खुर्चीत बसून मोठ्या माणसासारखी पायावर पाय टाकून वाचत होती आणि तिची आई दाराशी उभी राहून फोनवर बोलत होती. मी पेन्सिल काढली.

आगारात दोन तक्ते असतात. चालकांचा मी करतो. गाड्यांचा तक्ता कार्यशाळेतला मिस्त्री करतो, ग्रीसच्या बोटांनी, त्यामुळे तो वाचवत नाही, आणि मी तो कधी वाचलाही नाही. दर महिन्याला हा मिस्त्री माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. "साहेब, एक्काहत्तर नंबरला एक दिवस उभी राहू द्या." काय झालंय तिला? "काही नाही झालं. म्हणून म्हणतो." मी म्हणायचो, काही झालं नसेल तर उभी कशाला करू? तो म्हणायचा, "साहेब, चालक दमला की तुमच्याकडे येऊन शिव्या देतो. ती काय देणार?" आणि मी, जो दोनशे चौदा माणसांच्या पाठदुख्या, मुलांच्या परीक्षा आणि सासऱ्यांची आजारपणं तोंडपाठ ठेवून असतो, त्याला हसून म्हणायचो, मिस्त्री, तुमचं त्या गाडीशी लग्न लावून देऊ का? सगळं ऑफिस हसायचं. तोही हसायचा. एक्काहत्तर नंबर पुढे पुलावर बंद पडली, भर ऑफिसच्या वेळी, आणि चौकशीत मी दाखवून दिलं की माझ्या तक्त्यात कुठेही चूक नव्हती. नव्हतीच.

सोमवार, आईकडे उठली. शाळा. संध्याकाळी साडेसातला पेट्रोल पंपासमोर बदल. माझ्याकडे झोपली. मंगळवार, माझ्याकडे उठली, शाळेला पन्नास मिनिटं, शाळा आईच्या घराजवळ. साडेसातला बदल. आईकडे झोपली. बुधवार, आईकडे उठली. शाळा. दुपारी मी, पन्नास मिनिटं माझ्या घरी. माझ्याकडेच झोपली. गुरुवार... मी लिहीत गेलो. हात सरावाने चालत होता. चौदा ओळी झाल्या आणि त्यात सलग दुसरी रात्र एकही नव्हती. मी वरपासून पुन्हा पाहिलं. असं करताना मी नेहमी कोणाची तरी लबाडी शोधत असतो. कोणी दोन सोप्या पाळ्या लागोपाठ लाटल्यात का. इथे कोणी काही लाटलं नव्हतं. आठ तास विश्रांतीचा नियम आईला होता, मला होता. साप्ताहिक सुट्टी मला बुधवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी मला मुलगी. तिच्या आईला रविवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी तिला मुलगी. आमच्या दोघांच्या सुट्ट्यांच्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं हे उघड होतं.

"काय लिहितोयस?" खारू बाकाच्या मधल्या जागेवर येऊन बसली.

"तुझं वेळापत्रक."

"मला पाठ आहे ते. विषम आठवड्यात सोमवारी तू, सम आठवड्यात आई. निळी पिशवी आईकडची, हिरवी तुझ्याकडची, आणि शाळेची दोन्हीकडे." तिने माझ्या कागदात डोकावून पाहिलं. "अक्षर घाण आलंय."

"बाकाला टेकू नाहीये." मग मी विचारलं, आणि विचारलं ते जरा गोड लागावं म्हणून, साक्ष काढावी तसं, खोटं कशाला बोलू. "बुधवारी तुला किती छान झोप लागते ना आपल्याकडे?"

कारण बुधवार असा असायचा. शाळेतून आली की ती बूट न काढता सोफ्यावर आडवी व्हायची आणि पाच मिनिटांत गाढ. मी बूट काढायचो. एक मोजा नेहमी बुटातच राहायचा. पंखा एकवर, पडदा ओढलेला, कुकरची शिटी होऊ नये म्हणून कुकर लावायचा नाही, भात उघड्यावर पातेल्यात. मग मी समोरच्या खुर्चीत बसून राहायचो, दोन-अडीच तास, कधी कधी तीन. वर्तमानपत्राचं पान उलटायचं तरी आवाज होईल म्हणून तेच पान. तिच्या तोंडाचा एक कोपरा उघडा, तिथून उशीच्या अभ्र्यावर ओला ठिपका मोठा होत जाणारा. आयुष्यात मला कोणी इतकं सुख दिलेलं आठवत नाही. मी स्वतःला म्हणायचो, पाहा, ह्या घरात पोरीला शांत वाटतं. तिकडे आहे का ही शांतता? वकिलालाही मी हे सांगितलं होतं आणि त्याने ते मुद्दा क्रमांक चार म्हणून लिहून घेतलं होतं.

"हो, लागते," खारू म्हणाली. "पहिल्या रात्री नाही ना लागत."

"कुठली पहिली रात्र?"

"अरे, एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की पहिल्या रात्री झोप नाही लागत. उशी वेगळी असते, आणि तुझ्याकडे फ्रीज गुरगुरतो आणि आईकडे नळ. दुसऱ्या रात्री लागते." ती बोटाने बाकाचा उडालेला रंग खरवडत होती. "पण दुसरी रात्र नसतेच. मग मी बुधवारी दुपारी झोपते."

"आईला सांगितलंस हे?"

"नाही."

"मला?"

"आत्ता सांगितलं ना." मग जरा विचार करून, "तू रागावलास?"

मी म्हटलं, नाही. ती परत काचेच्या खोलीत गेली. मी रागावलो नव्हतो. मला फक्त मिस्त्री आठवत होता आणि त्याचं ते हसणं, सगळं ऑफिस हसल्यावर उशिरा हसलेलं. ही पोर आठ महिने दमून माझ्या सोफ्यावर पडत होती आणि मी समोर बसून तिचं ते दमणं माझ्या नावावर जमा करत होतो. मुद्दा क्रमांक चार. आत जाऊन सरळ सांगावं असं एकदा मनात आलं, की तक्ता बरोबर आहे, मला मान्य आहे, तिलाही आहे, आम्ही दोघं समान दुःखी आहोत, टाईपला द्या. तिची आईसुद्धा यावर सही करणार होती. तीसुद्धा दुसऱ्या रात्रीला घाबरते. पोर सांगणार नव्हती. ती चालत होती. काही झालेलं नव्हतं.

मी खोडरबर काढलं. यात त्याग वगैरे काही नाही. त्यागाची मला सवय नाही आणि त्याने अपचन होतं. हे निव्वळ काम होतं. गाडीच्या बाजूने पाहिलं तर उत्तर एका मिनिटात निघतं, नवशिक्या कारकूनही काढील. शाळा आईच्या घराजवळ, तर शाळेच्या रात्री आईकडे, सलग. एक आड एक आठवड्यात शुक्रवार-शनिवारच्या रात्री माझ्याकडे, सलग. उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्धा भाग सलग. सातांच्या दोन रात्री झाल्या. चालेल. मग राहिला बुधवार. पन्नास मिनिटं येणं, पन्नास मिनिटं जाणं, आणि मध्ये झोप. आता रात्री नीट मिळाल्या तर ती झोपही लागणार नाही. आगारात ह्याला रिकामी फेरी म्हणतात. गाडी धावते, प्रवासी नाही. मी आयुष्यभर लोकांच्या रिकाम्या फेऱ्या कापत आलो आणि त्यांच्या विनवण्या ऐकल्यासारखं करून ऐकल्या नाहीत. मी माझी विनवणी ऐकली, ऐकल्यासारखं केलं, आणि बुधवार खोडला. कागद तिथे जरा फाटला. बदली लिहायला जागा उरली नाही, पण बदली लिहायचंही काही नव्हतं.

आत गेलो तेव्हा खारूची आई आधीच येऊन बसली होती, पर्समधून चार पानी मुद्दे काढून. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला. मग प्रयोगशाळेत नळी उजेडाकडे धरतात तसा उजेडाकडे धरून पुन्हा वाचला.

"ह्यात खोच काय आहे?"

"काही नाही."

"तुझ्या कागदात खोच नाही?" ती बाईंकडे वळली. "बाई, ह्याने एकदा वाढदिवसाची भेट म्हणून मला स्वतःची बदललेली पाळी दिली होती. काहीतरी असणार." मग माझ्याकडे, "बुधवार कुठे गेला?"

"काढला."

"का?"

मला सांगता आलं असतं. दुसरी रात्र, फ्रीज, नळ, सगळं. पण ते सांगितलं असतं तर तिलाही तेच लागलं असतं जे मला बाकावर लागलं, आणि तिला ते लागावं अशी माझी फार इच्छा होती. इतकी की त्या इच्छेचाच मला संशय आला. शिवाय पोरीने ते मला सांगितलं होतं, वकिलाला नव्हे. मी म्हणालो, "माझी सुट्टी बदलतेय."

"वाटलंच," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. अकरा वर्षांनी माझ्याबद्दलचा तिचा अंदाज पुन्हा एकदा बरोबर निघाला होता. चार पानं तिने घडी करून परत पर्समध्ये ठेवली. जराशा नाराजीनेच, आणलेला डबा न उघडता परत न्यावा लागतो तशी.

समुपदेशक बाईंनी माझा फाटका कागद पाहिला. मी थोडा वेळ वाट पाहत राहिलो. त्या आपल्याला काही चांगलं म्हणतील याची आपण वाट पाहतोय, हे कळायला मला वेळ लागला. "हं. हे चालेल," त्या म्हणाल्या आणि कागद टायपिस्टकडे पाठवून त्यांनी पुढच्या जोडप्याची फाईल उघडली. पाऊण तासात करार आला, एकोणीस कलमांचा. त्यात माझा तक्ता कुठे नव्हता; त्याची वाक्यं झाली होती. 'अल्पवयीन कन्या शाळेच्या दिवसांत मातेकडे सलग वास्तव्य करील.' सलग हा शब्द त्यांनी दोनदा टाईप केला होता आणि एकावर काट मारली होती. नववं कलम असं की ठरलेल्या दिवसांत कोणताही बदल सात दिवस आधी लेखी कळवून आणि दुसऱ्या पक्षाची लेखी संमती घेऊनच करता येईल. मी प्रत्येक पानावर सही केली. तिने केली. साक्षीदार म्हणून बाहेरचा शिपाई आला आणि त्याने न वाचता केली, ती आमच्या दोघांपेक्षा वळणदार.

जिन्याने उतरताना खारू पुढे, दोन-दोन पायऱ्या एकदम. आम्ही मागे, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दहा वर्षं, मी मनाशी म्हणत होतो, दहा वर्षांचे बुधवार मी एका खोडरबराने पुसले आणि त्यावर न्यायालयाचा गोल शिक्का आहे. उद्या दुपारी मी खुर्चीत बसेन आणि समोर सोफा असेल. वर्तमानपत्राची पानं हवी तशी उलटता येतील. कुकर लावता येईल. छातीत काहीतरी जड आणि जरा भव्यसं भरून आलं होतं आणि ते तसंच धरून मला घरापर्यंत जायचं होतं. तळमजल्याच्या दारात खारूची आई थांबली. गालाला हात लावला. आजचा सगळा दिवस ती एका बाजूनेच बोलत होती, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

"ऐक ना," ती म्हणाली. "उद्या माझी दाढ काढायचीये. दुपारची तेवढी तू घेशील का हिला?"